दोन साड्यांचा आहेर

सत्कार या प्रकाराबद्दल माझं मत फार पूर्वीच ठरलेलं आहे. आमच्या भागात पाण्याची टाकी सुरू झाली, तरी नळाला पाणी येण्याआधी सात जणांच्या खांद्यांवर शाली येतात. कॉलेजच्या ग्रंथालयात माझा जन्म गेला, त्यामुळे नऊ शाली माझ्याही वाट्याला आल्या. एकीनंही थंडी अडत नाही. त्या पांघरायच्या नसतातच. देणारा फोटोत नीट यावा म्हणून त्या असतात.

म्हणून कलबुर्गीच्या मेळाव्याचं बोलावणं आलं तेव्हा मी आधी एवढंच विचारलं, "सत्कार आहे का?"

बोलावणं द्यायला आलेली मुलगी हळ्ळीखेडची, कलबुर्गीच्या एका दवाखान्यात नर्स. "न्हाई सर," ती म्हणाली. "नुसतं भेटायचं. त्या दोघी येणार हायेत."

त्या दोघी म्हणजे एक लिहिणारी आणि एक चित्रं काढणारी. दोघी मिळून एक चित्रकथा करतात आणि दर शुक्रवारी ती फोनवर येते. सीमेवरच्या एका गावात दोन बायका पिठाची गिरणी चालवतात, एवढीच गोष्ट. चार वर्षांत गिरणीचा पट्टा तीनदा तुटला, एक म्हैस हरवली आणि सापडली. बाकी काही घडलं नाही. गिरणीवाल्या दोघी एकमेकींच्या कोण, हे गावात कुणी विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत. त्या एका घरात राहतात, रात्री एक दार लावते आणि दुसरी दिवा मालवते. आमच्यासारख्या माणसांना ही गोष्ट का आवडली, हे वेगळं सांगायला नको. पुरुषांवर जीव लावणारे पुरुष, बायकांवर जीव लावणाऱ्या बायका, आणि ज्यांना यातलं कुठलंच खातं आपलं वाटत नाही अशी काही मंडळी, असे तिचे वाचक. मी तिच्याखाली टोपणनावानं अभिप्राय लिहीत असे. शुद्धलेखनाचा एवढा आग्रह धरणारा माणूस हुमनाबादेत एकच असू शकतो, असा अंदाज करून नर्सबाईंनी मला शोधून काढलं होतं.

मी ही चित्रकथा एकटा वाचत नव्हतो. हुमनाबादच्या बाजारात एक जुनं कापडाचं दुकान आहे. दुकानदाराला सगळा बाजार अण्णा म्हणतो. त्याच्या माडीवर मी एकवीस वर्षं राहतो. कागदोपत्री मी भाडेकरू आणि बाजाराच्या तोंडी 'वरचे सर'. चारचौघांत मी त्याला मालक म्हणतो, तो मला सर म्हणतो. माडीला आतून जिना आहे हे बाजाराला माहीत नाही, किंवा माहीत असून बाजार सभ्यपणे गप्प आहे. शुक्रवारी तो माझ्या खांद्यावरून चित्रकथा वाचायचा आणि मी वाचत नाही म्हणायचा. त्याची टीका कापडापुरती असे. "इरकलीचे काठ असे असत्यात व्हय? हिला कुणीतरी दुकान दाखवा."

या एकवीस वर्षांत तो बाहेर कुठेही माझ्या शेजारी उभा राहिलेला नव्हता. लग्नांना आम्ही दोघंही जातो. तो पुढे व्यापाऱ्यांच्या सोफ्यावर बसतो, मी मागे प्राध्यापकांत. पंगतसुद्धा वेगळी. मी कधी तक्रार केली नाही. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही असं मी स्वतःला पटवलं होतं, आणि स्वतःला पटवण्यात माझा हात बराच बसलेला आहे.

मेळाव्याच्या आठवडाभर आधी नर्सबाई दुकानात आली. मी गादीच्या कडेला पेपर वाचत होतो.

"आहेर पाहिजे अण्णा. जोडीचा."

त्यानं सवयीनं एक साडी आणि एक पँट-शर्टपीस समोर टाकला.

"दोन्ही साड्याच द्या."

"विहिणी हायेत का?"

"न्हाई अण्णा. जोडी हाय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. शर्टपीस उचलून, घडी नीट करून, जागच्या जागी ठेवायला त्यानं बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "तर मंग दोन्ही एकाच तोलाच्या घ्या अक्का. एक भारी, एक हलकी दिली की घरात भांडणं लागत्यात." आणि त्यानं वरच्या फळीवरून दोन इरकली काढल्या, एक निळी, एक डाळिंबी.

"सत्कार नाही म्हणाली होतीस," मी पेपरामागून म्हणालो.

"सत्कार न्हाईच की सर. आहेर हाय."

रविवारी अण्णा गाडी घेऊन आला. तुला बस लागती, हे त्यानं कारण सांगितलं. ते खरंही होतं. पण तिथं पोचल्यावर गाडीतून उतरेना. "मी हितंच बसतो. डायव्हर समज मला."

मेळावा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या छोट्या हॉलमध्ये होता. माणसं चाळीसच्या आसपास, बहुतेक पंचविशीतली. सहा रंगांचे फुगे होते. ज्याला फोटोत यायचं नाही त्यानं छातीवरच्या बिल्ल्याला लाल टिकली चिकटवायची, असा नियम होता. दहा वाजताच टिकल्यांची दोन पाकिटं संपली आणि फोटोग्राफर फुग्यांचे फोटो काढत बसला. व्यासपीठ मात्र होतंच. त्यावर तीन खुर्च्या, समई, आणि माइकची चाचणी घेताना स्वतःच्या आवाजावर खूश होणारा एक तरुण. माणसं कितीही वेगळी असोत, व्यासपीठ सगळ्यांचं सारखंच असतं.

ज्यांच्यासाठी आलो त्या दोघी कोपऱ्यात बसल्या होत्या. चार वर्षं मी त्यांना सांगायचं एक वाक्य तयार करत होतो. चांगलं वाक्य होतं, एक अर्धविरामही होता त्यात. जवळ गेलो तेव्हा लिहिणारी गळ्यात प्रवासाची उशी अडकवून पिशवीत काहीतरी शोधत होती आणि चित्रं काढणारी डोळे मिटून बसली होती.

"चार्जर तू घेतलास म्हणालीस."

"मी घे म्हणाले. घेतला म्हणाले नाही."

मी म्हणालो, "प्रवास नीट झाला ना?"

"एसी फार होता," लिहिणारी म्हणाली. "इथं साधा दहीभात मिळेल का हो? मला पित्त झालंय."

माझं वाक्य मी परत नेलं. आवडत्या लेखकाला भेटू नये असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे, ते का हे मलाही नव्यानं आठवलं. पण पुढे प्रश्नोत्तरांत एका मुलीनं विचारलं, गिरणीवाल्या दोघी गाव सोडून शहरात जाणार का, तेव्हा लिहिणारी म्हणाली, "मला माहीत नाही. सध्या पट्टा तुटलाय, आणि सकाळी दळण घेऊन बायका येणार आहेत. आधी तो बसवायचाय." हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या मुलीनं नाक पुसलं. दहीभाताची गोष्ट मी मनातल्या मनात माफ केली.

मग आहेराची वेळ आली, आणि ताट हातात घेऊन नर्सबाईची मावशी उभी राहिली. साठीची, विधवा, भाचीचं सगळं माहीत असलेली आणि त्यापेक्षा रीतभात जास्त माहीत असलेली बाई.

माइकवाला तरुण पुढे झाला. मावशीनं ताट मागे घेतलं.

"तू एकटा देणार व्हय? आहेर जोडीनं देत्यात."

"मावशी, इथं निम्मी माणसं जोडीनंच आलीत," कुणीतरी हसत म्हणालं.

"मंग या की एक."

दोन मुलं हातात हात घालून पुढे आली.

"किती दिस झाले तुमाला?"

"आठ महिने."

"बसा खाली. नांदलेली जोडी पाहिजे."

हॉल हसला. मावशी हसली नाही. तिची नजर सगळीकडे फिरून माझ्या पांढऱ्या केसांवर थांबली. भाची तिच्या कानात काही बोलली आणि मग सरळ माझ्याकडे आली. "सर, अण्णा खाली गाडीत हायेत न्हवं? बोलवा की वर."

मी खाली गेलो. तो गाडीचं दार उघडं टाकून कन्नड पेपर वाचत शेंगा खात होता.

"संपलं?"

"आहेर राहिलाय. जोडीनं द्यायचा म्हणतात. नांदलेल्या."

त्यानं हातातली शेंग फोडली, पण खाल्ली नाही. "खालच्या हॉलचे पडदे आपल्या दुकानातले हायेत," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"निम्मी कलबुर्गी वळखती मला."

"तेही माहीत आहे. तू येऊ नकोस. सांगतो मी त्यांना."

"काय सांगणार हायेस?"

"गाडीजवळ कुणीतरी पाहिजे म्हणून."

"कामून खोटं बोलायलास? गाडीला काय पाय फुटणार हायेत?"

पण तो उठला नाही. शोभेल तेवढा वेळ मी थांबलो आणि परत वर निघालो. त्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. उतरताना मोजल्या नव्हत्या. शाल, नारळ, टाळ्या यातलं मला काही नको होतं, पण ताटाची दुसरी बाजू त्यानं धरावी असं फार वाटत होतं. जन्मभर सत्कारांची टिंगल केल्यावर छप्पन्नाव्या वर्षी हे कळावं, हे काही भूषणावह नाही.

"आले का?" मावशीनं विचारलं.

"नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि ताट टेबलावर ठेवलं. "थांबू जरा. कुनाला जिना चढायला येळ लागतोय."

चाळीस माणसं थांबली. लिहिणारीनं दहीभाताचं पुन्हा विचारून घेतलं. माइकवाल्यानं एक कविता म्हणायची तयारी दाखवली, ती नाकारण्यात आली. मी उद्याच्या कामांचा विचार करू लागलो, तेवढ्यात तो दारात दिसला. चपला बाहेर काढलेल्या, केस ओल्या हातानं बसवलेले.

"घडी मोडली न्हाई न्हवं कुनी?" त्यानं सगळ्या हॉलला विचारलं. मग व्यासपीठावर येऊन ताटाची एक बाजू धरली. "सरक की जरा. वाकडं धरायलास."

मावशीनं त्या दोघींना कुंकू लावलं, मग मला, मग त्याला. आम्ही साड्या, खण, नारळ, पानसुपारी असं सगळं त्यांच्या पदरात घातलं. पदर नव्हते, लिहिणारीनं उशी काढून ओढणी पुढे केली. आणि मग, चार वर्षं मी ज्यांच्यापुढे मनातल्या मनात हात जोडत होतो त्या दोघी वाकून आमच्या पाया पडल्या.

"म्हना की कायतरी," मावशी मला म्हणाली.

मला आशीर्वाद बरेच पाठ आहेत. प्रत्येकात कुठेतरी नवरा होता, नाहीतर पुत्र.

"सुखानं नांदा दोघी," तो म्हणाला.

चित्रं काढणारीनं साडी उजेडाकडे धरली. "अय्या, काठ असे असतात होय!"

"दोन वर्षं झाली सांगायलोय," तो म्हणाला, आणि दर शुक्रवारी आपण काय करतो ते चाळीस माणसांपुढे सांगून बसलो, हे त्याच्या ध्यानात आलं. कान लाल झाले. मी समईकडे पाहिलं.

तीनच्या सुमाराला जेवून खाली उतरलो, तर फाटकात मादन हिप्परग्याचे एक किराणा व्यापारी भेटले. अण्णाच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. मुलीच्या लग्नासाठी हॉल बघायला आले होते. मी सवयीनं चार पावलं मागे राहिलो.

"अण्णा, तुमी हितं? कपाळाला कुंकू बी हाय. कुनाचं कार्य?"

"घरचं."

"घरचं? तुमचं घरचं म्हंजे?" त्याचं लग्न झालेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं.

त्यानं मागे वळून मी कुठे आहे ते पाहिलं. "दोन पोरी हायेत. चित्रांची गोष्ट करत्यात," तो म्हणाला. "आमी दोघांनी आहेर केला."

व्यापाऱ्यांनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्या. "चांगलं केलंसा," ते म्हणाले आणि लगेच लग्नाच्या शालूंकडे वळले. डाळिंबी आलेत का, मुलीला पिवळा नको आहे, पावण्यांचा आहेर कधी न्यायला येऊ. तो एकेक सांगत राहिला. मी चार पावलं पुढे येऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो. शालूंतलं मला काही कळत नाही, तरी ऐकत राहिलो.

दिवेलागणीपर्यंत ही बातमी मादन हिप्परग्यात आणि सोमवारी दुकानाच्या पायरीवर पोचणार, हे मला दिसत होतं. त्या गावाला तो तीस वर्षं कापड विकतो. त्याला ते माझ्या आधी दिसलं असणार.