चुन्यातले पांढरे ठिपके

अमडापूरकडच्या आमच्या गावात एक दगडी बारव होती. 'होती' म्हणताना अजून जीभ अडखळते. बाबा चुन्याचे गवंडी, आणि तिची शेवटची डागडुजी त्यांच्याच हातची. बैल जुंपून घाण्यात चुना, रेती अन् विटांची भुकटी मळायची, ओल्या पोत्याखाली आठवडाभर मुरवायची. मग त्यातला सुपारीएवढा गोळा लोटाभर पाण्यात टाकून ठेवायचा. पाण्यातच कडक झाला तर माल बारवीत, विरघळला तर उकिरड्यावर. आमच्या घरात प्यायचा लोटा वेगळा आणि गोळ्याचा वेगळा असायचा.

मी शिकून ओव्हरसियर झालो. बारवीच्या दुरुस्तीचं काम नेमकं माझ्याकडे आलं आणि मी फुशारलो. जुन्या सांध्यांत चुन्याचे पांढरे ठिपके दिसत होते. माल नीट मिसळलेला नाही, असा शेरा मारून मी सांधे खरडायला लावले आणि आतून सिमेंटचा गिलावा सुरू केला.

बाबा काठी टेकत पायऱ्या उतरून आले.

"काऊन खरडून राह्यला बे?"

"माल कच्चा आहे, बाबा. हे ठिपके बघा." मजुरांसमोर मी मुद्दाम ऑफिसातल्या भाषेत बोललो.

"ते ठिपकेच तं औषध हाय. भेग पडली का चुना पाणी पेते अन् आपली भेग आपणच बुजवते. सिमिटानं त्याचं तोंड काऊन बांधतं? भिंतीमागचं पाणी कुठून निंघन?"

"तुमचा जमाना गेला. घरी बसा तुम्ही."

मजूर हसले. खरडून पडलेला चुन्याचा एक खडा उचलून बाबांनी धोतराच्या सोग्यात बांधला आणि निघून गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात गिलावा फुगला आणि उत्तरेकडची भिंत दगडांसकट आत बसली. आत कोणी नव्हतं, एवढीच देवाची कृपा. आता वर लोखंडी जाळी आहे आणि गाव टँकरची वाट पाहतं.

बाबा तोवर लकव्यानं अंथरुणाला खिळले होते. रोज संध्याकाळी विचारायचे, "बारव कशी हाय?"

"बेस हाय," मी सांगायचो.

ते मान हलवून भिंतीकडे तोंड करायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले, तोवर मी हे खोटं रोज बोललो. भ्याड होतो, दुसरं काय.

नंतर एकदा ऑफिसात एकानं मोबाइलवरचं वाचून दाखवलं. रोमन लोकांनी समुद्राच्या पाण्यात बांधलेले धक्के दोन हजार वर्षं टिकलेत. त्यांच्या चुन्यातही पांढरे ठिपके सापडतात. आधी अभ्यासकांना ते ढिसाळ काम वाटायचं. आता म्हणतात, भेगेत पाणी शिरलं की तेच ठिपके विरघळतात आणि भेग भरून काढतात. सगळ्यांनी रोमनांची वाहवा केली. पिकतं तिथं विकत नाही, ते असं. माझा डबा तसाच परत आला.

त्या संध्याकाळी मी आईला सांगून टाकलं, "बारवीची भिंत पडली होती, अन् मी बाबाले खोटं सांगत राह्यलो."

ती डाळ निवडत होती. "त्यायले त्याच दिशी समजलं होतं. शेजारची सांगून गेली."

"मंग रोज काऊन इचारत?"

"तू कवा सांगतं, ते पाहत."

ती उठली आणि बाबांच्या खाटेखालून गोळ्याचा लोटा घेऊन आली. "बारवीतून आणलेला खडा त्यायनं फोडला अन् दोन्ही तुकडे बांधून पाण्यात ठेवले. तुले दाखवाचा होता. रोज पाणी बदलव म्हनत मले."

मी खडा बाहेर काढून सुतळी सोडली. मधली भेग पांढऱ्या रेघेनं भरली होती. ओढून पाहिलं, तुकडे वेगळे झाले नाहीत. मला रडू आवरेना. आईनं खडा माझ्या हातातून घेतला, लोट्यात ताजं पाणी ओतलं आणि परत त्यात ठेवला.