पुतळ्यासाठी आणलेली पानं

१० नोव्हेंबर १९४५. मी पळसाची पानं ओल्या फडक्यानं पुसून ओसरीवर पसरत होते. खकनारकडच्या रानातून भारा घेऊन येणाऱ्या बाईकडून ती मागवली होती. दुसऱ्या दिवशी त्या पानांनी माझ्या भावाचा पुतळा बांधायचा आणि तापीवर नेऊन जाळायचा होता. परमुलखात गेलेल्या माणसाची बारा वर्षं खबर आली नाही, तर तो मेला असं धरून हे करतात. भाऊबंदांनी ठरवलं, गुरुजींनी दिवस काढला, तयारी माझ्याकडे आली. मी शाळेत शिकवते, विधवा आहे, माहेरीच राहते. असली कामं माझ्याकडेच येतात.

दादा पोटासाठी गोल्फ खेळायचा. आमच्या बुधवारा पेठेत हे सांगितलं की लोक हसायचे. काठीनं चेंडू भोकात घालायचा पगार कोण देतं? महूच्या छावणीत तो साहेबांच्या काठ्या उचलायला लागला, पुढे साहेबांनाच शिकवू लागला, आणि मग एका संस्थानिकानं त्याला आपल्या खर्चानं स्पर्धांना धाडलं. आधी कोलंबो, मग विलायत.

आपल्याकडच्या मैदानांवर भोकाभोवती गवत टिकत नाही. तिथे तेलात मळलेली वाळू दाबून बसवतात. चेंडू मारण्याआधी वाळूवरचे ठसे पुसून त्याची वाट सपाट करायची, असा रिवाज. गिरणीतलं जळकं तेल आणून दादानं घरामागे असा एक गोल केला होता. वाट तो नेहमी डाव्या हातानं पुसायचा, पालथ्या पंजानं.

विलायतेत भोकाभोवती गवत होतं. शेवटच्या दिवशी, जिंकायच्या बेतात असताना, दादा वाकला आणि चेंडूपुढच्या गवतावरून त्यानं पालथा हात फिरवला. तिथे त्या वाटेला हात लावायची मनाई. दंड म्हणून त्याच्या नावावर दोन ठोके जास्त मोजले, स्पर्धा गेली. घरी आल्यावर जेवताना हे त्यानं हसत सांगितलं. "हात आपोआप गेला गं," म्हणाला, आणि बोलता बोलता ताटाशेजारची फरशी पालथ्या हातानं पुसत राहिला. आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

पुढच्या हंगामात तो पुन्हा गेला. विलायतेहून ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसला, तिथे उतरलाही, एवढं संस्थानिकाच्या माणसांनी कळवलं. त्यापुढे काही नाही.

वहिनी तो गोल रोज संध्याकाळी झाडून सारखा करायची. काही वर्षांनी मधूनच एखाद्या सकाळी त्यावर कडेपासून भोकापर्यंत एक गुळगुळीत पट्टा दिसू लागला. मी वहिनीवरच रागावले. ती नाही म्हणाली. मग एका संध्याकाळी मी स्वतः गोल झाडला, मागच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सकाळी पट्टा होता. मी त्यात हात ठेवून पाहिला. माझ्या पंजाच्या दोन्ही बाजूंना जागा उरली. वहिनीचा हात माझ्याहून लहान. मांजर म्हणावं, तर मांजर इतकं सरळ चालत नाही. मी भुतंखेतं मानत नाही. झाडू घेतला आणि पट्टा मोडला. भाऊबंदांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी एकच अर्थ काढला, जीव अडकलाय, मोकळा करा.

पानं पुसत होते तेव्हा वहिनी येऊन शेजारी बसली. तिनंही एक फडकं घेतलं. कपाळावर तिचं ठसठशीत कुंकू होतं. उद्या ते कोण पुसणार, आधी की नंतर, हे तिनं बाजारातलं काही विचारावं तसं विचारलं. नंतर, मी म्हटलं.

"वन्सं, तुमचं पुसलं तेव्हा समोर माणूस होता," ती म्हणाली. "माझ्यासमोर ही पानं."

रीत आहे, मी म्हटलं. शिवाय त्याला शांती नको का?

"तिकडे एकदा हात फिरवला म्हणून त्यांना दंड केला. इथे आपल्या घरी येऊन फिरवतात, तर तुम्ही जाळायला निघालात."

दिवेलागण झाली म्हणून मी तिला उठवलं. उरलेली पानं मी एकटीनं पुसली. त्या संध्याकाळी गोल झाडायला ती गेली नाही, मी गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मागचं दार उघडलं. पट्टा होता. झाडू न उचलता मी थेट गुरुजींच्या घरी गेले आणि विधी होणार नाही, असं सांगितलं. बारा वर्षं भरली, विधी टाळला तर दोष कुणाच्या माथी, त्यांनी विचारलं. माझ्या, मी म्हटलं, भाऊबंद आले तर त्यांनाही हेच सांगा. घरी येऊन बांबूच्या चोयांच्या काड्या काढल्या आणि त्या पानांच्या पत्रावळी टाचायला बसले.