भाग्यलक्ष्मीनं ऐकलेलं ‘जाय’

भाग्यलक्ष्मी हे तिचं खरं नाव नव्हे. “लिहा, पण नाव झकास द्या,” असं तिनंच मला बजावलंय.

गोव्यात डिचोलीला आमच्या मागच्या खोलीत ती आणि तिचा नवरा संतोष राहायला आली ती २००४ साली. खानापूरकडची माणसं. तो कारखान्यात कामाला, ती पोटुशी. सातवा सरला तसं तिनं गाठोडं बांधायला घेतलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी काही बोलले नाही. पण माहेरी जाणारी बाई गाठोडं बांधताना डोळे पुसत नाही. त्यात बुधवारची इस्पितळातली तपासणीही तिनं चुकवलेली.

“काय झालं गो?”

तिनं दार लोटलं. “काकी, माझ्या रक्तात एचआयव्ही निघालाय. मागनं ह्यांच्यातही. आणि सिस्टरनं मला हाकललं.”

“सुमंगला सिस्टरनं?” ती तर मांजरालाही हाकलायची नाही.

“आधी गोड बोलल्या. मग एकसारखं जाय, जाय! गुळी जाय, परत येवंक जाय. म्हटलं, जाते की बाई, एवढं कशाला ओरडता!”

मला हसू आलं. “अगो, कोकणीत जाय म्हणजे पाहिजे! तुला परत यायला पाहिजे, गोळी घ्यायला पाहिजे, असं सांगत होती ती.”

“म्हणजे जाऊ नको?”

“जाऊ नको.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं इस्पितळात गेलो. सुमंगलाबाईंनी कपाळावर हात मारला आणि मग धड्यातल्यासारख्या शुद्ध मराठीत सगळं पुन्हा सांगितलं. कळा सुरू होताच आईनं एक गोळी घ्यायची, बाळाला तीन दिवसांच्या आत औषध पाजायचं. म्हणजे बाळाला लागण होण्याची भीती बरीच कमी. गावात सुईणीकडे हे जमणार नव्हतं. माहेरी जाणं राहिलं.

बाळंतपण इस्पितळातच झालं. मुलगी. भाग्यलक्ष्मीची आई गावाहून आली ती मधाची बाटली घेऊनच. तिचं मधाचं बोट बाळाच्या ओठाशी गेलं आणि भाग्यलक्ष्मीनं हात धरला.

“सहा महिने निव्वळ माझं दूध. पाणीसुद्धा नाही.”

“कोण म्हणतंय?”

“सिस्टर.”

“तिला पोरं किती?”

“एक बी नाही. पण माझं वाचवायला बसलीय.”

मुलीचं नाव गौरवी ठेवलं. ती दीड वर्षाची झाल्यावर तिची शेवटची तपासणी झाली. रिपोर्टच्या दिवशी संतोष पायरीवरच थांबला, आत यायचं धाडस होईना. सुमंगलाबाईच बाहेर आल्या. “मुलगी निरोगी आहे,” त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या. मग राहवेना. “कांय ना रे तिका, कांय ना!” या खेपेला अर्थ कुणी विचारला नाही.

नवराबायकोची औषधं चालू आहेत, तब्येती बऱ्या आहेत. गौरवी आता तीन वर्षांची. सकाळी पाववाल्या पदेराच्या सायकलचा भोंपू वाजला, की ही पावाच्या टोपलीमागं धावते. “उंडो जाय! माका उंडो जाय!”

आतून भाग्यलक्ष्मीचा आवाज येतो, “आले की बाई, एवढं कशाला ओरडतेस!”