पाणसळीतला बुडबुडा

माझ्या नवऱ्याचा, एर्विन कुबालाचा, भुताखेतांवर काडीचाही विश्वास नव्हता. असणार कसा? टेक्ससच्या आमच्या या काळ्या मातीत घरोघरी भुतं निघायची आणि हा ती फेस भरून घालवायचा.

ही माती महालबाड. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मग तिला अख्खा हात आत जाईल अशा भेगा पडतात. म्हणून संध्याकाळी आम्ही बागेआधी घराला पाणी घालतो, पायाभोवती झिरपती नळी पसरून. ज्याने आळस केला त्याचा कोबा कुठल्या तरी कोपऱ्यात खचलाच. मग भिंतीला तडे जातात, दारं आपोआप हलतात आणि घरची बाई फोनवर रडते, "एर्विन, आमच्याकडे कुणीतरी फिरतंय रे!" हा जायचा, जमिनीवर सपाटी तपासायची पाणसळ ठेवायचा आणि बुडबुडा एका अंगाला पळालेला दाखवायचा. "तुमचं भूत उताराला लागलंय, दुसरं काही नाही. सपाट जमिनीवर दार आपण होऊन हलत नसतं." हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

काम आम्हा दोघांचंच. तो घरात, मी बाहेर ट्रकमधल्या पंपापाशी. कोब्याला बोटाएवढी भोकं पाडायची आणि नळीतून दोन रसायनं खाली सोडायची. ती एकत्र आली की दुधासारखी उतू जातात, फेस भेगाभेगांत शिरतो, बघता बघता कडक होतो आणि वरचा कोबा उचलून धरतो. एर्विन आतून "सोड!" म्हणाला की मी सोडायची, "बस!" म्हणाला की बंद. आमचा संसार या दोन शब्दांवर चाललाय, असं माझी नणंद म्हणायची. खोटं नव्हतं ते.

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात आल्बिना मोत्लने बोलावलं. सगळ्या गावाची ती तेता, आमच्या चेक बोलीत मावशी. नवरा एमिल मागच्या खोलीत वारला, त्यानंतर ती एकटीच. घराला पाणी घालायचं काम एमिलचं होतं. तो गेला, नळी तशीच गुंडाळलेली राहिली आणि घराची मागची बाजू खचली. ह्यूस्टनची लेक लोरीन आईला बजावून गेली होती, "घर सरळ झालं नाही तर तुला घेऊन जाईन. या उतारावर पडून कंबर मोडून घेशील."

तेताने आधी आम्हाला कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, खायला घातले आणि मग मुद्द्यावर आली.

"घर उचल, एर्विन. पण मागच्या खोलीचं दार अडकलंय ना, ते तसंच राहू दे."

"तसं कसं राहील, तेता? चौकट वाकडी झालीय म्हणून ते अडकलंय. कोबा सरळ झाला की सुटणारच."

"ते सुटलं तर तो जाईल."

"कोण?"

"एमिल. आहे तो आत. संध्याकाळी मी या बाजूला खुर्ची टाकून बसते, तो त्या बाजूला असतो."

मी चटकन त्या दाराकडे पाहिलं. एर्विन मात्र आपला जमिनीकडे बघत होता.

"मग कुलूप लाव ना दाराला," मी म्हणाले.

"वेडी का गं तू, व्लास्ता? कुलूप लावलं तर मी त्याला कोंडलं असं होईल. अडकलंय ते निराळं."

घर वाकडं राहिलं तर लोरीन तिला घेऊन जाणार, सरळ झालं तर एमिल जाणार. म्हातारी दोन्हीकडून अडकली होती. मला तिची फार दया आली आणि एमिलचा रागही आला. मेलास ना बाबा, मग नीट मर की!

एर्विनने सळई घेऊन कोबा वाजवून बघायला सुरुवात केली. भरीव असेल तिथे ठक्, पोकळ असेल तिथे ढब. त्या दारापाशी त्याने दोनदा सळई आपटली, ढब ढब. आणि दाराच्या पलीकडून आलं, ढब ढब.

"पोकळीत आवाज फिरतो," एर्विन म्हणाला. त्याने तीनदा आपटली. पलीकडून पुन्हा दोनदाच आलं.

"चल, पंप सुरू कर," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

त्या कोपऱ्याने फेस किती गिळला काही विचारू नका. "सोड! सोड!" मी सोडतेय, सोडतेय, आणि घर ढिम्म. मग एकदम आढ्यापासून करकरलं, कपाटातल्या बश्या किणकिणल्या. "बस!" आवाज नेहमीचा नव्हता. मी पंप बंद करून आत धावले.

एर्विन त्या दारासमोर गुडघ्यावर बसला होता. त्याने सळई आपटली, ठक्. सगळं भरलं होतं. पलीकडून उत्तर आलं नाही. त्याने पाणसळ आडवी ठेवली, उभी ठेवली. दोन्ही वेळा बुडबुडा बरोब्बर मधोमध.

तेवढ्यात चौकट कुरकुरली आणि दार सुटलं. बोटभर उघडलं आणि तिथेच थांबलं. आत नुसता काळोख. बाहेर ऊन भाजत होतं, पंखा बंद होता, पडदासुद्धा हलत नव्हता.

तेताने आत डोकावलं नाही. फटीशी तोंड नेऊन ती म्हणाली, "एमिल, दार उघडलंय रे. मी तुला धरून ठेवलेलं नाही. आता तुझं तू ठरव."

आम्ही तिघंही फटीकडे बघत उभे.

मग दार हललं. सावकाश, कुणीतरी सांभाळून लावावं तसं ते मिटलं. आणि खटका आतून बसला.

तेता हसली, रडली, आणि खुर्ची ओढून दारापाशी बसली. एर्विन पाणसळीवरून नजर काढेना. त्याने ती उलटी करून ठेवली, पुन्हा सुलटी केली. बुडबुडा हलला नाही.

लोरीन आली तेव्हा तिने जमिनीवर अंडं ठेवून पाहिलं. ते घरंगळलं नाही. तेता शेवटपर्यंत त्याच घरात राहिली.

एर्विनने मात्र ते उताराचं वाक्य पुन्हा कुणाला ऐकवलं नाही. काम करायचा आणि गप्प घरी यायचा. पुष्कळ दिवस त्याला त्या खोलीची भीतीच बसली होती. जेवताना मध्येच विचारायचा, "अगं, तू पाहिलास ना? मधोमध होता ना?"

"होता रे बाबा. जेव आता."

पुढे तो आजारी पडला, खाटेला खिळला. डॉक्टरांनी हात टेकले ते त्यालाही कळलं होतं. एका दुपारी मी त्याचं तोंड पुसत होते, तर त्याने माझं मनगट धरलं.

"व्लास्ता, खरं सांग. माझ्या समाधानासाठी नको सांगू. बुडबुडा मधोमध होता ना?"

"होता, एर्विन. माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"मग बरंय. म्हणजे उतार नव्हता," तो म्हणाला आणि कूस बदलून शांत झोपला.