मावशींना न पटलेला शेवट

पडद्यावरच्या अन्यायासाठी जिवंत माणसाचं जेवण बंद करणारी बाई अख्ख्या नगरात एकच होती, ती म्हणजे आमच्या खानावळीच्या मावशी. सातवीतून शाळा सोडून मी कोकणातून इथे मोटार वायंडिंगच्या दुकानात आलो आणि पहिल्याच आठवड्यात तापाने पडलो, तेव्हा याच बाईने मला कण्या भरवल्या. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिताना हात अडखळतो. पण राग म्हणजे काय राग! भाकरीचा पापुद्रा कुणी ताटात टाकला तरी त्यांना तो ज्वारीचा अपमान वाटे. एसटी उशिरा आली तर कंडक्टरला सोडून त्या थेट गाडीलाच बोलत.

थिएटरचा ऑपरेटर आमच्याच पंगतीला जेवायचा. "मावशी, भाऊ-बहिणीचा इंग्रजी पिक्चर लागलाय, बघाच," म्हणत त्याने दोन पास दिले. मावशी रडायच्या तयारीने, ठेवणीतलं लुगडं नेसून, मला घेऊन रविवारी दुपारच्या खेळाला आल्या. भावंडं निघाली रक्त पिणारी! मी पाय खुर्चीवर घेऊन बसलो. मावशी मात्र शांत. ती दोघं लोकांच्या माना फोडत होती, त्यावर मावशींचं म्हणणं एवढंच, "भूक लागली आसंल." पण शेवटी उजाडतं. ऊन लागलं की ही जात जळून जाते. भाऊ पुढे पळून तळघरात शिरतो, आतून कडी घालतो आणि बहीण बाहेर दार बडवत राहते. मावशी ताडकन उभ्या राहिल्या.

"आरं मुडद्या, कडी काढ! भन हाय ती तुजी!"

"आजीबाई, खाली बसा!" मागून लोक ओरडले. मला तर पोलीसच दिसायला लागले. तिकडे बहिणीची राख झाली, दिवे लागले आणि मावशी ऑपरेटरच्या जिन्यावर.

"त्यो शेवट उद्यापास्नं दावायचा न्हाई."

"मावशी, पिक्चर काय मी काढलाय व्हय?"

"दावतोस तर तूच ना? मग माज्याकडं भाकरी न्हाई!"

चार दिवस तो भज्यांवर जगला. पाचव्या दिवशी त्याने भाऊ तळघराशी पोचायच्या आतच मशीन बंद करून दिवे लावले. इंग्रजी कुणाला कळत होतं? भावंडं वाचली असं समजून पब्लिक खुशीत घरी गेलं. मावशींनी त्याच्या भातावर तूप वाढलं. पण चार दिवसांची भूक बोललीच, "येवढा राग येतो, मावशी, मग वाटणीच्या भांडणानंतर तुमचा भाऊ पाथर्डीहून आल्ता, तवा तुमी तरी कडी काढली का?"

मी ताटात मान घातली.

दुसऱ्या दिवशी खानावळीला कुलूप. दोन दिवसांनी मावशी आल्या त्या एका वाळक्या, फेटेवाल्या म्हाताऱ्याला घेऊन. त्याला पंगतीत पहिला बसवला. कोण, कुठला, विचारायची कुणाची छाती नव्हती.

"आक्का, मीठ कमी हाय," म्हातारा हळूच म्हणाला.

"आल्या आल्या खोड्या काढाया लागला!" मावशी फणकारल्या आणि मीठ आणायला म्हणून आत गेल्या, त्या लवकर बाहेर आल्याच नाहीत. म्हातारा ताटावर हात धरून तसाच बसून राहिला. कुणीच पुढचा घास घेतला नाही. मला उगाचच घरची फार आठवण आली. आमटी पार निवून गेली.