पास्कल अंकल आणि गव्हाचा मनोरा

पास्कल अंकलना ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारण्याची चूक नवा माणूस एकदाच करी. ते स्वतःची नव्हे, मनोऱ्याची तब्येत सांगत. “मोटार बरी आहे, पण पट्टा जरा खोकतोय.” मग उभ्याउभ्या मनोऱ्याचा इतिहास सुरू.

हा मनोरा आखातातल्या उम्म अल कुवैनमधल्या आमच्या पिठाच्या गिरणीचा. तळाशी गहू ओतायचा, पट्ट्यावरचे लोखंडी डबे तो उचलून वर कोठारात टाकणार. त्याआधी हमाल पोती पाठीवर घेऊन शिडी चढत. गावात तेव्हा दुसरं उंच काही नव्हतं, मासेमारीच्या बोटी त्याच्याकडे बघून किनारा गाठत. हे मी गिरणीच्या ऑफिसात हिशेब लिहिताना इतक्यांदा ऐकलं होतं, की अंकल मध्येच थांबले असते तर पुढचं मीच सांगितलं असतं. वसईहून विशीत आलेले अंकल या मनोऱ्याचं यंत्र सांभाळतच म्हातारे झाले. सुट्टीवर गेले तरी तिकडून फोन, “अरे, पट्ट्याचा आवाज ऐकव जरा.” मी भर उन्हात मशीनपाशी फोन धरून उभा! डोक्याला नुसता ताप.

पुढे गिरणी बंद झाली आणि मालकांनी, म्हणजे आमच्या अरबाबांनी, जागा विकायला काढली. जुन्या वास्तू जपणारी माणसं एकदा पाहायला येणार होती. आतलं यंत्र मूळचं असेल तर मनोरा राहणार, नाहीतर खलास. मी अंकलना बजावलं, “तुम्ही फक्त ‘जुनं आहे’ म्हणा. बाकी तोंड उघडू नका.”

“इन्शाल्ला! तू टेन्शन घेऊ नको.”

पाहणीच्या सकाळी जाऊन बघतो तर सगळं यंत्र चंदेरी रंगात चकाकतंय. जे काही मूळचे डबे उरले होते तेही गायब.

“अंकल, जुने डबे?”

“भंगारात दिले. गंजले होते रे. पाहुणे येणार म्हटल्यावर घर साफ करायला नको?”

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात पाहणीला आलेल्या मॅडमनी मोडक्या हिंदीत विचारलं, “इसमें ओरिजिनल क्या है?”

अंकलची छाती फुगली. “कुछ नहीं, मॅडम! एक भी पार्ट पुराना नहीं. सब मैंने अपने हाथ से बदला.”

मी त्यांची बाही ओढली, तर माझाच हात झटकून त्यांनी पट्टा चालू करून दाखवला. मॅडम कौतुकाने हसल्या, गहवा, म्हणजे अरबी कॉफी, प्यायल्या आणि गेल्या. नकार आला.

“एकच वाक्य सांगितलं होतं तुम्हाला, एकच!” मी ऑफिसात सगळ्यांदेखत ओरडलो. पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

मनोरा पाडायला क्रेन आली, तेव्हा आम्ही दोघं रस्त्यापलीकडे उभे होतो. अंकलचं वसईचं तिकीट झालं होतं. वरचा भाग खाली आला, धूळ उडाली. अंकल हळूच म्हणाले, “म्हणजे मी नीट सांभाळलं नसतं, सगळं गंजू दिलं असतं, तर वाचला असता तो?”

उत्तर ‘हो’ असंच होतं. इतकी वर्षं ज्यांच्यावर चिडत आलो त्यांचा हात मी घट्ट धरला, आणि आता चिडायचं कोणावर, तेच मला कळेना.