नणंदबाईंचा व्रण

आमच्या नणंदबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाचं म्हणून ऐकलं नाही, आणि ज्या एका माणसाचं ऐकलं, त्या कॉलेज रोडच्या प्लास्टिक सर्जनवर 'बाई, इतकंही नका हो ऐकू' म्हणायची पाळी आणली. यजमानांच्या या थोरल्या बहीण. नाशिकरोडला मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं, का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "धड ताठ उभा राहणारा एकही दाखवला नाही कुणी." यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, कॉलनीत आमचं क्वार्टर, आणि नणंदबाई आमच्याकडे राहायच्या. आमच्याकडे म्हणायचं आपलं. पाहुण्यानं दारात चप्पल काढायच्या आत त्याला 'पाठ सरळ' ऐकावं लागे. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला ते उचलायचं कसं हे त्यांनी दर वेळी नव्यानं शिकवलं. पेपर आला की आधी निधनवार्ता उघडायच्या, आणि त्या बिचाऱ्या गेलेल्या माणसांच्या फोटोतही त्यांना पडलेले खांदेच दिसायचे. मेला तरी पोक गेलं नाही, म्हणायच्या आणि पान उलटायच्या.

आता गंमत बघा, या पी.टी.च्या बाईंना पळताना कुणीही पाहिलेलं नव्हतं. त्या पळवायच्या. ग्राउंडच्या कडेला कडुनिंबाखाली शिट्टी घेऊन उभ्या राहायच्या आणि पोरींना दमवून सोडायच्या. कारण सगळ्यांना दिसत होतं आणि तोंडावर कुणी बोलत नव्हतं. देवानं त्यांना छाती देताना हात जरा जास्तच सैल सोडला होता. खांद्यांवर पट्ट्यांच्या घळी पडल्या होत्या, बोट बसेल अशा. उन्हाळ्यात खाली घामोळं यायचं, ते चिघळायचं. मान आणि पाठ तर बारा महिने दुखायची, तरी या ताठ. शाळेतल्या पोरींनी त्यांना काय नाव ठेवलं होतं आणि रिक्षा स्टँडवरचे रिकामटेकडे त्या दिसल्या की काय बोलायचे, ते मी इथं लिहिणार नाही. ज्यांची जीभ त्यांना लखलाभ.

तर अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं की सोमवारी माझं ऑपरेशन आहे, छाती कमी करून घेणार आहे, आणि आमटी वाढ. यजमानांना ठसका लागला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पन्नाशीला आलेल्या बाईनं असली फॅशनची ऑपरेशनं करायची म्हणजे काय, लोक काय म्हणतील, हे त्या रडून, रुसून, एक वेळ उपाशी राहून विचारत राहिल्या. नणंदबाई ठरल्या दिवशी स्वतःची पिशवी भरून स्वतःच रिक्षा करून गेल्या. मग सासूबाईंनी आपल्या परीनं अब्रू सांभाळली. कॉलनीभर सांगून टाकलं की लेकीच्या पित्ताशयात खडे झाले होते. बायका मऊ भात घेऊन बघायला आल्या. यजमानांचे साहेबही सपत्नीक आले आणि खडे केवढे निघाले म्हणून त्यांनी आस्थेनं विचारलं. नणंदबाईंनी पलंगावरूनच, काय काढलं आणि किती काढलं, ते खणखणीत आवाजात सांगितलं. साहेबांनी चहा तसाच ठेवला आणि ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

ऑपरेशन झालेलं त्या गावभर सांगायच्या, पण व्रण मात्र कुणाला दिसता कामा नये. याचा मेळ मला लागायचा नाही. टाके निघाले तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की व्रण पुसला जात नसतो, फिका पडतो, बारीक होतो, आणि त्यालाही वर्ष-दीड वर्ष धीर धरावा लागतो. नणंदबाईंनी ते आव्हान म्हणून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचा व्रण हा एक वेगळा कुटुंबप्रमुख होऊन बसला. त्याला ऊन चालत नव्हतं, म्हणून खिडक्यांना जाड पडदे लागले. अंगावर इतके कपडे असताना ऊन आत कुठून शिरणार होतं, देव जाणे. त्याला ताण चालत नव्हता, हात खांद्याच्या वर न्यायचे नव्हते, म्हणून फळीवरचे डबे सगळे जमिनीवर आले आणि त्यांची वेणी घालायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या हातची एकही वेणी त्यांना पसंत पडली नाही. त्याला धूर चालत नव्हता, म्हणून यजमानांची सिगारेट बंद झाली. समोर वीज केंद्राच्या चिमण्या रात्रंदिवस धूर ओकत होत्या, त्यांना तेवढी शिस्त लावायची राहून गेली.

मग आली सिलिकॉनची पट्टी. मऊ, पारदर्शक, जरा चिकट, मुंबईहून मागवलेली. दिवसभर व्रणावर लावून ठेवायची, रोज साबणानं धुवायची, वाळवायची, परत लावायची. बाहेर दोरीवर टाकली तर वीज केंद्राची राख येऊन चिकटायची, म्हणून ती स्वयंपाकघरात ओट्यावर वाळायची. एका सकाळी पट्टी गायब. नणंदबाईंनी घर डोक्यावर घेतलं. मोलकरणीची झडती झाली, यजमानांचे खिसे तपासून झाले. सासूबाई शांतपणे चटणी वाटत होत्या. त्या दिवशी मिक्सर एरवीसारखा ओट्यावरून सरकत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं आणि मी वाकून खाली बघितलं. सासूबाईंनी पट्टीचे चार तुकडे करून मिक्सरच्या चार पायांखाली घातले होते. छान रबर होतं ओट्यावर पडलेलं, म्हणाल्या. नणंदबाई आईशी आठवडाभर बोलल्या नाहीत. नवीन पट्टी आली. मिक्सर मात्र त्यानंतर कधी हलला नाही.

कॉलनीतल्या बायकांना हे कळल्यावर तर उपायांचा पाऊस पडला. कुणी कोरफड आणली, कुणी लोण्यात हळद कालवून आणली, एकीनं टूथपेस्ट सुचवली. तिला मी तेव्हापासून शहाण्यांत धरत नाही. नणंदबाईंनी सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं. औषधांच्या दुकानात एक मलम निघालं होतं, त्यात म्हणे कांद्याचा अर्क होता. ते दाखवणाऱ्या दुकानदाराला त्यांनी विचारलं, "विंचूरच्या बाजारात कांद्याला भाव नाही म्हणून आता तो मी अंगाला चोपडायचा?"

पण सगळ्यांवर कडी केली ती आमच्या निफाडच्या जाऊबाईंनी. यजमानांच्या चुलत भावाची ही बायको. द्राक्षांचा मोठा बाग, गळाभर सोनं, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते झाकण उघडून बघायची जन्मजात खोड. त्या आल्या, द्राक्षांची पेटी ठेवली आणि म्हणाल्या की आमच्यात छाटणी झाली की वेलीला पेस्ट लावतात, तसलं काही असंल तर धाडू का. स्वतःच्या विनोदावर खूप हसल्या. मग आमच्या सगळ्यांच्या मनात होतं पण विचारायची छाती कुणाला झाली नव्हती, ते त्यांनी विचारून टाकलं.

"पर ताई, एवढं लय करताय, ते बघणार कोण हाय? ना नवरा, ना कोण."

सासूबाई उठून आत गेल्या. नणंदबाईंनी द्राक्षांचा घड उचलला, एक मणी तोंडात टाकला, आंबट आहे म्हणाल्या आणि मग जाऊबाईंकडे वळल्या.

"तू बघशील ना. मी मेले की मला अंघोळ घालायला सगळ्यांत पुढं तूच असशील. तेव्हा नीट शोध. सापडला तर नाव बदलून टाक माझं."

जाऊबाई त्या दिवशी जेवायला थांबल्या नाहीत.

पुढं व्रणाला मालीश सुरू झालं. बोटानं दाब देऊन, सावकाश, रोज. समोरचं त्या स्वतः करायच्या, पण काखेकडचं टोक आरशातही धड दिसायचं नाही, तेवढं माझ्या वाट्याला आलं. मी मलम लावायला बसले की त्या भिंतीकडे तोंड करून मुख्याध्यापकांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांना झोडपायच्या. एकदा मात्र कुणालाच झोडपलं नाही. मी आपली हात चालवत होते. मग भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "अकरा-बारा वर्षांची होते तेव्हापासून लोकांनी माझ्या तोंडाच्या आधी तिथं बघितलं. प्रत्येकानं. शिक्षकांनी, डॉक्टरांनी, भाजीवाल्यानं. आता तिथं बघण्यासारखं काही ठेवायचंच नाही मला. व्रणसुद्धा नाही." आणि लगेच, तुझी नखं वाढलीत, काप, म्हणाल्या. मला इतकं भरून आलं होतं की नखं खरंच वाढली होती की काय, तेही मी बघितलं नाही.

आणि एवढं सगळं सांभाळून घात केला तो त्यांच्याच स्वभावानं. शाळा सुरू झाली होती, पंधरा ऑगस्टच्या कवायतीची तयारी चालली होती. डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत त्या नुसत्या शिट्टीवर आणि तोंडावर काम भागवत होत्या. एका रांगेत पोरी हात वर करताना कोपरात वाकवत होत्या. दोनदा सांगून झालं, तीनदा झालं, आणि बाईंच्यानं राहवलं नाही. दोन्ही हात झटक्यानं सरळ वर नेऊन त्यांनी दाखवलं, असं वर करायचं. घरी येऊन काही बोलल्या नाहीत. पुढं डाव्या काखेकडच्या टोकाला खाज सुटायला लागली, तिथला व्रण लाल झाला, वर आला, कडक झाला. डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. ज्या बाईनं अख्ख्या नाशिकरोडला बेशिस्त म्हणून शिव्या घातल्या, ती डॉक्टरांसमोर शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून बसली होती. त्यांनी त्या जागी इंजेक्शनं दिली, काही महिन्यांनी परत दिली. गाठ बसली, पण तांदळाच्या दाण्याएवढी उरली. ताणानं झालं की मुळात त्या जागी व्हायचंच होतं, ते सांगता येणार नाही, म्हणाले, पण आता एवढं राहणार. येताना रिक्षात नणंदबाई पोक काढून बसल्या होत्या. मी पाठ सरळ म्हणाले नाही.

वर्ष-दीड वर्षात बाकीचा व्रण मात्र खरंच विरत गेला. आधी लालचा गुलाबी झाला, मग अंगाच्या रंगात मिसळला. ते कौतुक बघायला मी एकटी होते आणि मला कौतुक करायची परवानगी नव्हती. त्याच सुमाराला एका सकाळी मी दूध आणायला निघाले तर कॉलनीच्या ग्राउंडवर कुणीतरी बाई पळत होती. सलवार-कमीज, ओढणी कमरेला बांधलेली. जवळ आल्यावर ओळखलं. पळणं काही फार देखणं नव्हतं. पाय फताडे पडत होते, तोंड उघडं होतं, आणि त्या हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही. मला बघितल्यावर थांबल्या, धापा टाकत म्हणाल्या की अशी उभी काय राहिलीस खांदे पाडून, दूध संपेल. मग रोजच पळायला लागल्या.

रिटायर झाल्यानंतरच्या हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळी पळून आल्या, खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं, मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. खुर्चीतही ताठ होत्या. नातेवाईक जमले. निफाडच्या जाऊबाई गाडी करून सगळ्यांच्या आधी पोचल्या आणि पदर खोचून पुढं झाल्या. मागच्या अंगणात पाट मांडला, दोघींनी साडीचा आडोसा धरला, गरम पाणी आणलं. तांब्या जाऊबाईंच्या हातात, पंचा माझ्या हातात.

मी जाऊबाईंकडेच बघत होते. त्यांचे डोळे शोधत होते. एका बाजूनं पाणी घातलं, वाकून बघितलं. दुसऱ्या बाजूनं घातलं, परत वाकल्या. पुसल्यासारखं करून हातानं जरा वर उचलूनही पाहिलं. त्यांना विसर पडला नव्हता तर. मग सरळ होऊन आडोसा धरलेल्या बाईला हळूच म्हणाल्या, "कुठं काय हाय? काई झालंच नव्हतं. उगी सांगत व्हत्या आपलं."

माझा हात पंच्यासकट डाव्या काखेपाशी होता. अंगठा आपोआप तिथं गेला. तांदळाचा दाणा जिथल्या तिथं होता. मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. जाऊबाईंनी तांब्या खाली ठेवून माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "तुला तरी दिसलं का गं काई?"

मी पंचा तिथंच दाबून धरला, पाठ सरळ केली आणि म्हटलं, "काही नाही. पाणी घाला."